तिसरा ठोका

कितवे, ३ सप्टेंबर २०१८

चि. नकांडूस मामाचे आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. फोन असताना मामा कागद कशाला काळा करतोय म्हणशील. इंजिनघरात फोन न्यायला बंदी आहे आणि घरी आलो की फोन तुझ्या मामीच्या हातातून सुटत नाही. शिवाय बत्तीस वर्षं ड्रायव्हरच्या वहीत पाळीचा अहवाल लिहितोय, महत्त्वाचं काही सांगायचं झालं की हात आपोआप पेनाकडे जातो. लुसाकाच्या सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. थांब्यावर जाऊन घे, नाहीतर तो आठवडाभर खिशात फिरवील.

तुमच्या कंपनीची पेटी २० ऑगस्टला आमच्याकडे बसली. आधी सगळ्यांना मिरवून सांगितलं, की ही माझ्या भाचीच्या हाताखालून गेलीय. आता तक्रार करायची वेळ आली म्हणून तोंड लपवत नाही, तुलाच सांगतो.

लहानपणी तू इंजिनघर पाहिलंयस, पण तेव्हा तुझं सगळं लक्ष माझ्या डब्यातल्या भुईमुगाच्या शेंगांवर होतं. म्हणून पुन्हा सांगतो. खाणीत माणसं नेणारा पिंजरा मी वाइंडरने, म्हणजे वरच्या इंजिनाने, वर-खाली करतो. पाचशे मीटर खाली हेस्टिंग्ज सिमुकोंडा पिंजऱ्याच्या दाराशी उभा असतो. त्याने घंटेचा दोर ओढला की वर माझ्या शेजारी हातोडा लोखंडी पत्र्यावर पडतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे पिंजरा खाली सोड. तीन म्हणजे माणसं चढतायत, हलू नकोस. मला खालचं काही दिसत नाही. जे काही कळतं ते त्या ठोक्यांवरून. आता त्याच दोराला तुमचा स्विच जोडलाय आणि समोरच्या पडद्यावर मोठा आकडा उमटतो. अजून महिनाभर दोन्ही चालणार. १ ऑक्टोबरला हातोडा काढणार, मग फक्त पडदा.

गेल्या गुरुवारी हेस्टिंग्जने तीन दिले. पडद्यावर दोन आला.

मी पिंजरा हलवला नाही. वहीत लिहिलं आणि आमच्या खाणीच्या म्वाले साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "कालूबा, तू चुकीचं मोजलंस." तीन आणि दोन यातला फरक मला म्वालेसाहेब शिकवणार. अगं, त्या दोनावर मी पिंजरा सोडला असता तर एक पाय आत आणि एक बाहेर असलेल्या माणसाचं काय झालं असतं, ते तुला लिहून कळवायला नको.

पेटी तपास. मामी म्हणते खायला वाळवलेल्या अळ्या पाठवू का, की लुसाकात गेल्यापासून तुला त्या चालत नाहीत?

तुझा मामा,
बोनिफेस कालूबा


लुसाका, ८ सप्टेंबर

मामा,

साष्टांग नमस्कार. अळ्या पाठवा, मामीला म्हणावं मीठ जरा कमी. माझ्याबद्दलच्या अफवा कोण पसरवतं तेही कळवा.

पत्र मिळाल्याबरोबर म्वाले साहेबांकडून त्या दिवसाच्या नोंदी मागवल्या. आधी पेटीच्या पोटात काय चालतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीने काहीतरी बोलून वाटेला लावलं.

पेटीतला प्रोसेसर सतत कामात असतो, पडदा रंगव, खोली मोज, घड्याळ सांभाळ. दोराचा स्विच दाबला गेला की तारेतून त्याला एक धक्का बसतो आणि हातातलं सगळं टाकून त्याला तिकडे धावावंच लागतं. या धक्क्याला आम्ही इंटरप्ट म्हणतो. कोणता इंटरप्ट आला की कोणी काय करायचं ते कर्नल ठरवतो. कर्नल म्हणजे पेटीचा मुकादम समजा. आणि प्रत्येक इंटरप्ट कधी आला याची एक वही ठेवता येते, तिला ट्रेस म्हणतात. तुमच्या वहीत मिनिटं असतात, हिच्यात सेकंदाचा दहा लाखावा भाग असतो.

गुरुवारी, तुम्ही वहीत लिहिलेल्या वेळी, ट्रेसमध्ये दोन इंटरप्ट आहेत. तिसरा नाही. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं.

प्रोग्रॅममधला दोराचा हा भाग लिहिणारा सहकारी आता कंपनीत नाही, पण तपासलाय मी. आमच्यात रीत आहे मामा, प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्याचं नाव लागतं आणि त्याच्या खाली "तपासलं" म्हणून दुसऱ्याचं. ते कायमचं राहतं, पुसता येत नाही. तिथे "तपासलं, नकांडू सांपा" असं आहे. मी दहा हजार इंटरप्ट उठवले होते. दहा हजारच्या दहा हजार मोजले गेले.

आता रागावू नका. ईस्टरला आले तेव्हा फाटकातून मी चारदा हाक मारली होती. तुम्ही पेरूच्या झाडाखाली बसला होतात, मान वर केली नाहीत. रेडिओवरची फुटबॉलची मॅच शेजारच्यांनाही पाठ होत होती. कान दाखवलेत का कोणाला?

तुमची,
नकांडू


कितवे, १३ सप्टेंबर

नकांडू,

पेटीबद्दल विचारलं होतं. कानांबद्दल नाही.

तुमचा मुकादम, त्याची वही, दहा लाखावा भाग, सगळं वाचलं. पोरगी शिकली, बरं वाटलं. आता माझं वाच.

मंगळवारी, ११ तारखेला, सकाळच्या पाळीत पुन्हा तेच. खालून तीन, पडद्यावर दोन. पाळी सुटल्यावर हेस्टिंग्ज वर आला तेव्हा त्याच्याशी एक शब्द बोलायच्या आत म्वाले साहेबांसमोर त्याला उभा केला, म्हणजे आम्ही ठरवून बोलतोय असं कोणी म्हणायला नको. साहेबांनी विचारलं, "किती दिलेस?" तो म्हणाला, "तीन. माणसं असली की तीनच देतात साहेब, चुकवून कसं चालेल, मला काय बायको नाही का घरी?" साहेब हसले नाहीत. म्हणाले, पेटीची नोंद दोन सांगते, आणि पेटीला बायको नाही.

आता बोल. तुझी वही खरी आणि आम्ही दोघं खोटे? हेस्टिंग्ज एकवीस वर्षं तिथे उभा आहे. त्याच्या हाताखालून चढलेल्या माणसांपैकी एकाचंही नख तुटलेलं नाही.

फाटकातून हाक मारलीस तेव्हा मी विचारात होतो. माणसाला विचारही करू देत नाही का तुम्ही लुसाकावाले?

अळ्या पाठवल्या आहेत. मीठ मामीला वाटेल तेवढंच आहे.

मामा


लुसाका, १७ सप्टेंबर

मामा,

अळ्या मिळाल्या. ऑफिसात डबा उघडला तर माझ्या वाट्याला चार उरल्या.

११ तारखेचा ट्रेस मागवला. दोन. काल दिवसभर पुन्हा तपासणी चालवली, या वेळी वीस हजार. एकही हरवला नाही. मी काय करू सांगा. माझ्या मामाने सांगितलं म्हणून ट्रेसमध्ये नसलेला ठोका मी आणू कुठून?

आज म्वाले साहेबांना अहवाल पाठवायचा होता. पाठवला. "पेटीत दोष आढळला नाही. दोन्ही वेळा पेटीपर्यंत दोनच ठोके पोहोचले." इतकंच लिहिलंय. तुमचं नाव कुठेही नाही. हे मी तुमच्याविरुद्ध लिहिलेलं नाही मामा, जे दिसलं ते लिहिलं. तुम्हीच शिकवलंत, की वहीत दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते नाही.

साहेबांचा फोनही आला होता. तुमची चौकशी करत होते. ठीक आहेत म्हणाले मी.

मामीला नमस्कार. फोनवर एकदा तरी बोला ना. दोन वर्षांत फोनवर तुमचा आवाज नाही ऐकला, दर वेळी मामीच सांगते की मामा आंघोळीला गेलेत. किती आंघोळी करता?

नकांडू


कितवे, २४ सप्टेंबर

कुमारी नकांडू सांपा यांस,

आपला अहवाल पोहोचला. त्यातल्या दोन ओळी म्वाले साहेबांनी मला वाचून दाखवल्या आणि मग म्हणाले, "कालूबा, तुझ्या घरच्यांनाही काळजी वाटते. ईस्टरपासून." ईस्टर हा शब्द त्यांच्या तोंडात कसा आला, हे मी विचारणार नाही. फाटकाशी त्या दिवशी तू सोडून दुसरं कोणी उभं नव्हतं.

मला खुर्चीवरून उठवलंय. शुक्रवारी, २८ तारखेला, कानांची तपासणी. तोवर माझ्या जागी लाझारस बसतो. पोरगा वाईट नाही. पण त्याला हुकूम आहे की पडद्यावर बघायचं, हातोड्याकडे लक्ष द्यायचं नाही.

काल काय झालं ते लिहितो, कारण तुझ्या ट्रेसमध्ये ते नसेल. हेस्टिंग्जने तीन दिले. पडद्यावर दोन आला. लाझारसने ब्रेक सोडला. पिंजरा वीतभर खाली गेला असेल-नसेल, तेवढ्यात हातोड्याचा आवाज त्याच्या डोक्यात शिरला आणि त्याने ब्रेक ओढला. चोला नावाचा माणूस चढत होता. हेस्टिंग्जने त्याची कॉलर धरून मागे खेचला. टाचेचं कातडं सोलून निघालं, हाड वाचलं. दवाखान्यातून निघताना तो हसत होता.

लाझारसला विचारलं, तू किती मोजलेस? म्हणाला, "काका, मी मोजलेच नाहीत. मला बघायला सांगितलंय, मोजायला नाही." वहीत लिहिलं गेलं, ड्रायव्हरची घाई.

येत्या सोमवारी हातोडा निघतो. त्यानंतर लाझारसला दचकवायला काही उरणार नाही. दर पाळीला एकशेचाळीस माणसं त्या दारातून जातात. माझ्या खुर्चीचं जे व्हायचं ते होवो, पण तू मला सोमवारच्या आत एक गोष्ट सांग.

हेस्टिंग्ज घंटा कशी देतो ते तुला माहीत आहे? त्याच्या एका हातात दाराची साखळी असते, मागे माणसं ढकलत असतात. पहिला ठोका सावकाश देतो. मग दुसरा आणि तिसरा एकामागोमाग, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. ठक. ठकठक. गेली एकवीस वर्षं असाच. तू दहा हजार ठोके दिलेस म्हणतेस, वीस हजार दिलेस म्हणतेस. ते कोणत्या दोराने दिलेस?

बोनिफेस कालूबा
वाइंडर ड्रायव्हर, सध्या घरी


लुसाका, २६ सप्टेंबर

मामा,

हे पत्र दुपारच्या बसने पाठवतेय, कंडक्टरला हात जोडून सांगितलंय की उद्या सकाळी घरी नेऊन दे. त्याआधी चार वेळा फोन केला. मामी म्हणाली घेत नाहीत.

कोणत्याच दोराने नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मी एकही ठोका दोराने दिला नाही.

आमच्याकडे एक सोय असते. खरा स्विच, खरी तार काही नको, कर्नललाच आतून सांगता येतं की समज, इंटरप्ट आला. आम्ही सगळे असंच करतो, पटकन होतं, हजारोंनी करता येतं. दर सेकंदाला एक, अगदी सारख्या अंतराने. म्हणजे मी कधी दार वाजवलंच नाही. घरात बसून दहा हजार वेळा म्हणाले, कोणीतरी आलंय, आणि दहा हजार वेळा घरातल्यांनी मान डोलावली. आणि खाली नाव लिहिलं, तपासलं.

तुमचं पत्र वाचलं. तशीच उठले. तुमच्याकडे आहे तसलाच स्विच कपाटातून काढला, खिडकीच्या गजाला दोरी बांधली, दुसरं टोक स्विचला. तारेवर एक यंत्र लावलं. तारेतून जे जाईल ते सगळं त्यावर दिसतं, कर्नलने घेतलेलंही आणि न घेतलेलंही. मग डाव्या हाताने खुर्ची धरली आणि उजव्याने दिले, ठक, ठकठक. पन्नास वेळा. तारेवर प्रत्येक वेळी तीन. ट्रेसमध्ये सात वेळा दोन.

कारण सापडलं. स्विच दाबला की त्याचे आतले पत्रे थरथरतात आणि एका ठोक्याचे चार-पाच धक्के होतात. ते मोजले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर तो मार्ग क्षणभर बंद ठेवायचा, असं लिहिलेलं आहे. तेवढ्यात दुसरं काम निघालं, खोली मोजायचं वगैरे, तर तो क्षण लांबतो. हेस्टिंग्जचा तिसरा ठोका नेमका बंद दारावर पडतो. आणि दार उघडल्यावर बाहेर कोणी उभं होतं का ते बघायला लिहिणारा विसरला. ट्रेस दाराच्या आत बसून लिहिला जातो मामा. जो आत आला नाही तो त्याच्या लेखी जन्मालाच आला नाही. मी त्या वहीवर विश्वास ठेवून तुम्हाला खोटं ठरवलं.

आणि दुसरं. साहेबांनी फोनवर विचारलं होतं, कालूबाला नीट ऐकू येतं का? मी म्हणाले, ईस्टरला हाक ऐकू गेली नाही. तुम्हाला लिहिलं, चौकशी करत होते. खोटं नव्हतं, पण लपवलं. मला वाटलं तुमच्या भल्याचंच आहे, एकदा कान तपासले जातील. तुमच्यापासून लपवायला नको होतं. लाज वाटते.

आता मी काय केलं ते. त्या बदलाखालचं माझं नाव मी मागे घेतलं. नाव पुसता येत नाही, पण खाली लिहिता येतं, की मी केलेली तपासणी चुकीची होती, आणि का. आमच्या सगळ्यांना जातं ते. कंपनीचे मालक म्हणाले, थोडं थांबायला काय झालं होतं? चोलाच्या टाचेचं सांगितलं. साहेबांनाही सगळं पाठवलं, यंत्रावरच्या चित्रांसकट.

साहेबांचं उत्तर असं. खिडकीच्या गजाला बांधलेली दोरी म्हणजे खाणीचा पाचशे मीटर खोल शाफ्ट नव्हे. हातोडा काढायचं वरून ठरलंय, ते थांबवायचं तर इथल्या दोरावर, इथल्या पेटीत तीनाचे दोन होताना दिसले पाहिजेत. ते यंत्र आणून लावायचं तर परवानगीलाच दोन आठवडे. आणि ड्रायव्हरच्या कानांवर मी विसंबणार नाही, म्हणतात, त्याचे कान उत्तम निघाले तरीही. शाफ्टमध्ये हातोड्याचा पडसाद घुमतो, दोनाचे तीन कोणालाही ऐकू येतील.

म्हणजे तुम्ही शुक्रवारी पास झालात तरी हातोडा सोमवारी निघणार. मी गुरुवारी रात्रीपर्यंत सुधारलेला भाग लिहून काढीन, पण तो मंजूर होईपर्यंत महिना जाईल. मला भीती वाटते मामा. काय करायचं ते सुचत नाही.

खरं सांगा, पास व्हाल ना?

नकांडू


कितवे, ३० सप्टेंबर

नकांडू,

हातोडा राहिला. पहिल्यांदा तेवढं वाच आणि पाणी पी, मग पुढचं.

तुझं पत्र गुरुवारी सकाळी कंडक्टरने स्वतः आणून दिलं आणि मामीकडून भाजलेला मका वसूल केला. मी दोनदा वाचलं. त्या साहेबांच्या उत्तरावर बराच वेळ थांबलो. तू विचारलंस पास व्हाल ना. झालो असतो. सहा वर्षं होतोय.

तपासणीत कानांवर ते आवाजाचे डबे चढवतात आणि नर्स पलीकडे बसून बटण दाबते. आवाज आला की हात वर करायचा. बटण टेबलाच्या आड असतं, पण दाबताना तिचं कोपर हलतं. कोपराकडे बघायचं आणि हात वर करायचा. मामीला ठाऊक आहे, दुसऱ्या कोणालाही नाही. माझ्या आंघोळी कशासाठी होत्या ते आता तुलाही कळलं असेल.

मग इतकी वर्षं इंजिन कसं चालवलं म्हणशील. हाताने. हातोड्याचा पत्रा ज्या लोखंडी खांबाला ठोकलाय तो माझ्या खुर्चीला लागून आहे. डावा तळवा खांबावर ठेवायचा. ठोका हाडात येतो. पडसाद कानाला फसवतो, तळव्याला नाही, कारण पडसाद हवेत असतो, लोखंडात नसतो. हे मी शोधून काढलं तेव्हा खूप बरं वाटलं होतं आणि त्याच दिवशी कळलं की हे कोणाला सांगायची सोय नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मामीलाही सांगितली नव्हती. तुमची पेटी आली तेव्हा मी मनातून खूश झालो. समोर मोठा आकडा, डोळ्यांनी वाचायचा. कानाचं कामच नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, मजेत गेली असती. त्या पडद्याची गरज अख्ख्या खाणीत माझ्याइतकी कोणालाच नव्हती. पहिल्या गुरुवारी खांबातून तीन आले आणि पडद्यावर दोन दिसला, तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं की वहीत लिहू नये.

शुक्रवारी दहाला नर्सने डबे चढवले. पहिल्यांदा कोपर हललं, मी हात वर केला. दुसऱ्यांदा हललं, वर केला. मग डबे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, बाई, उजव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही, डाव्याने थोडं येतं, तसं लिही आणि म्वाले साहेबांना बोलव. ती म्हणाली, आजोबा, अजून चाळीस बाकी आहेत. मी म्हणालो, चाळीसही तुझ्या कोपरानेच देईन. ती स्वतःच्या कोपराकडे बघायला लागली.

साहेबांना इंजिनघरात नेलं. म्हणालो, माझ्या कानांवर विसंबू नका, ते गेलेलेच आहेत. कानात कापूस भरा, डोळ्यांवर पट्टी बांधा, तळवा खांबावर ठेवू द्या. पिंजरा जागच्या जागी जखडा. हेस्टिंग्जकडे एक माणूस कागद घेऊन उभा करा, त्याने सांगावं तितके ठोके हेस्टिंग्जने द्यावेत, रोजच्यासारखे, साखळी धरून. तो माणूस लिहील, मी बोलेन, तुमची पेटी दाखवील. तीन कागद एकमेकांशेजारी ठेवा.

साहेबांनी विचारलं, "कालूबा, हे सांगून तू काय करतोयस ते कळतंय ना तुला?" पट्टीची गाठ त्यांनीच बांधली. नुसती सवय म्हणून खांब धरतो, एवढंच सांगून भागलं असतं का, हे मी गुरुवारी दिवसभर डोक्यात फिरवलं होतं. नसतं भागलं. अर्धं सांगितलं असतं तर लपवलेल्या अर्ध्याला धरून त्यांनी सगळंच खोटं पाडलं असतं, आणि तीनाचा पुन्हा पडसाद झाला असता.

साठ वेळा झालं. शेवटी शेवटी तळव्याला घाम फुटून तो खांबावरून सरकायला लागला. मला वाटलं एक जरी चुकला तरी संपलं, माझ्यासाठी नाही, त्या दारासाठी. पट्टी सोडली तेव्हा साहेब तिन्ही कागदांवर बोट फिरवत होते. खालच्या माणसाचे आणि माझे साठच्या साठ जुळले. पेटीचे नऊ चुकले. नऊही वेळा तीनाचे दोन. 

पेटी बंद केलीय. तुझा सुधारलेला भाग आला की आधी हेस्टिंग्ज दोर ओढणार, मग कागद बघणार, असं साहेबांनी लिहून दिलंय. तुझ्या अहवालाचं काय झालं ते सांगायला हरकत नाही. तू साहेबांना पाठवलेलं शेवटचं पत्र, त्या चित्रांसकट, त्यांच्या टेबलावर वरच होतं. ते आलं नसतं तर पट्टी बांधण्याइतकंही त्यांनी माझं ऐकलं नसतं.

माझा परवाना त्याच दुपारी गेला. साहेबांनी मागितला, मी दिला. हात पुढे करताना त्यांनी नजर खाली ठेवली, तेवढं बरं केलं. सोमवारपासून दिव्यांच्या खोलीत. खाली जाणाऱ्या माणसाला दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. सहा वर्षं लपवलं म्हणून हाकलतही होते, हेस्टिंग्ज आणि चोला जाऊन काहीतरी बोलून आले. काय बोलले ते मला सांगत नाहीत. इंजिनघर सोडताना वाईट वाटलं. खूप वाटलं. ते तुला खोटं कशाला सांगू.

तुझ्यावरचा राग गेलाय का विचारशील. ट्रेसवर विश्वास ठेवलास त्याचा गेला. मीही बत्तीस वर्षं वहीवर विश्वास ठेवलाय. फाटकातली गोष्ट परक्या माणसाला सांगितलीस आणि मला नाही, तो अजून आहे. पण तू सांगितलंस ते खरं होतं आणि मी सहा वर्षं जे सांगत होतो ते नव्हतं, म्हणून तो राग फार ताठ बसत नाही.

पुढच्या रविवारी ये. मामी कोंबडी कापणार आहे. जेवताना माझ्या डाव्या बाजूला बस, आणि मला ऐकू आलं नाही तर पुन्हा सांग.

मामा